प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप : बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’मधील शुद्धीची संकल्पना

मराठी आत्मचरित्र-वाङ्मयाच्या प्रारंभकाळातील महत्त्वाचा ग्रंथ म्हणून बाबा पदमनजी (1831–1906) यांच्या ‘अरुणोदय’चा (1888) उल्लेख नेहमी होतो. मात्र हा उल्लेख बहुधा ‘धर्मांतराची कथा’ एवढ्यावरच थांबतो. वास्तविक या ग्रंथाचा खरा विषय धर्मांतर नसून शुद्धी हा आहे. मनुष्य मलिन कशाने होतो आणि पुन्हा निर्मळ कशाने होतो, या प्रश्नाभोवती त्याची सारी घडण झालेली दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत हा प्रश्न ग्रंथांपुरता मर्यादित नव्हता. 1843 मध्ये नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला. प्रकरण न्यायालयात गेले व मुलाचा ताबा घरच्यांकडे आला. परंतु न्यायालयाने मूल परत दिले, तरी जात त्याला परत घेण्यास तयार नव्हती. मिशनऱ्यांकडे झालेला अन्नसंसर्ग हा दोष होता. त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. या वादात मुलाच्या अंतःकरणात काय चालले आहे, याची चौकशी दोन्ही पक्षांना फारशी आवश्यक वाटली नाही. वाद होता तो विधीच्या सामर्थ्याचा आणि मर्यादेचा.

पदमनजी याच शहरात, फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले. ‘अरुणोदय’मधील शुद्धीविचार या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्यातील शब्दयोजनेचे महत्त्व ध्यानात येते. मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दासाठी येतो, त्याचा मूळ अर्थ मन पालटणे असा आहे. ‘प्रायश्चित्त’ हा शब्दही मराठी बायबलमध्ये आहे. पण तो मनुष्याच्या पापाबद्दल ख्रिस्ताने जे केले त्यासाठी योजलेला आहे. म्हणजे जे कर्म धर्मशास्त्रानुसार दोषी मनुष्याने स्वतः करावयाचे, ते दुसऱ्याने करून टाकलेले आणि मनुष्याकडे उरला तो केवळ अनुताप. लूथरच्या काळी युरोपात याच शब्दावरून वाद पेटला होता, हे येथे आठवावे. लॅटिन बायबलमधील शब्द बाह्य व्रताचा सूचक की अंतरीच्या पालटाचा, हा तेव्हाचा प्रश्न होता. मराठीत तो दोन संस्कृत शब्दांच्या वाटणीतून सोडविला गेला, हे भाषांतरकारांचे मोठे काम आहे. त्याची दखल आपल्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

‘अरुणोदय’मधील सर्वांत जिवंत भाग परमहंस सभेशी संबंधित आहे. 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या सभेत जातिभेद मोडला जाई, परंतु गुप्तपणे. ख्रिस्ती भटाऱ्याच्या हातचा पाव खाऊन सभासद घरी परतत आणि चारचौघांत पूर्ववत जात पाळीत. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांची नावे उघडकीस आली आणि सभा मोडली. पदमनजी स्वतः या सभेत होते. त्यांच्या दृष्टीने पाव खाणे हे पाप नव्हे आणि न खाणे हे पुण्यही नव्हे; आत एक आणि बाहेर एक असे जगणे हा खरा मळ होय. येथे पापाची कल्पना अन्नावरून उठून सचोटीवर येऊन बसते. विचार पटल्यानंतरही बाप्तिस्म्यास लागलेला विलंब, आप्तांच्या दुःखाची भीती, लोकलज्जा यांकडेही ते याच दृष्टीने पाहतात. अखेर 3 सप्टेंबर 1854 रोजी बेळगावी त्यांचा बाप्तिस्मा झाला. ग्रंथाचे नावही या संदर्भात सूचक आहे. पौलाला दमास्कसच्या वाटेवर एकाएकी प्रकाश दिसला. येथे तसा लखलखाट नाही, हळूहळू उजाडणे आहे.

तथापि या ग्रंथाची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. सत्तावन्नाव्या वर्षी, परिपक्व प्रचारक झाल्यावर लिहिताना पदमनजी आपल्या पूर्वायुष्याला एक ठरीव दिशा देतात. प्रत्येक प्रसंग पुढच्या उजेडाकडे बोट दाखविण्यासाठीच घडला, असे वाटू लागते. बन्यनच्या ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर 1841 मध्येच मराठीत आले होते. पाप्याच्या प्रवासाचा तो साचा मिशनच्या वाचकवर्गाला परिचित होता आणि ‘अरुणोदय’ला तो कधी कधी काचतो. पूर्वीची श्रद्धा केवळ अंधार म्हणून रंगविली गेल्यामुळे, ज्या घरात लेखकाच्या धर्मबुद्धीचे पहिले पोषण झाले, त्या घराला पुरता न्याय मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. येथील पश्चात्ताप एकट्याचा आहे. समाजाच्या पापाचा हिशेब पदमनजींनी एकतीस वर्षे आधी ‘यमुनापर्यटन’मध्ये (1857) मांडला होता. विधवांचे केशवपन व त्यांची विटंबना पाहत फिरणारी यमुना कोणा एका व्यक्तीचा दोष दाखवीत नाही, तर अवघ्या रूढीचा दाखविते. हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले जात नाहीत, ही आपल्या अभ्यासक्रमांची उणीव होय.

या वाचनाला तिसरा ग्रंथ जोडता येईल तो लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईतच झाला आणि लक्ष्मीबाईंनी तो पुढे 1900 मध्ये, स्वतःच्या विचाराने घेतला. त्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड त्या ग्रंथात हसवीत हसवीत येते. पण त्या वेडापायी धुण्यापुसण्याचे आणि उपासमारीचे ओझे घरातील बायकामुलांवर कसे पडे, हेही त्यात दिसते. पदमनजींनी तर्काने खोडून काढलेली बाह्य शुद्धी लक्ष्मीबाईंनी माजघरातून पाहिली होती. त्यांच्या लेखनात पापाची व्याख्या नाही, पश्चात्तापाचे निरूपणही नाही. आहे ती शिवाशिवीची जुनी सवय एकेक करून सुटत गेल्याची साधी हकीकत.