हायेझची 'मेदितात्सिओने': मुलगी की देश?

मंडळी, पडद्यावरचं हे तैलचित्र फ्रांचेस्को हायेझचं, 1851 सालचं. आज ते वेरोनाला आहे. पहिल्यांदा बघताना काय दिसतं? एक तरुण मुलगी, खांद्यावरून घसरलेलं पांढरं वस्त्र, उदास चेहरा. कुणाचं तरी व्यक्तिचित्र असावं, असं वाटतं. मग आपली नजर खाली येते. तिच्याजवळच्या पुस्तकावर लिहिलंय 'इटलीचा इतिहास'. हातात क्रूस आहे आणि त्यावर तारखा आहेत: 18 ते 22 मार्च 1848.

त्या पाच दिवसांत मिलानच्या लोकांनी रस्तोरस्ती अडथळे रचून ऑस्ट्रियाचं सैन्य शहराबाहेर घालवलं. ऑगस्टमध्ये ते परत आलं. चित्र रंगवलं तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचंच राज्य होतं. तेव्हा ही मुलगी म्हणजे हरलेली इटली.

देशाला बाईचं रूप देणं काही नवीन नाही. एरवी इटलीच्या डोक्यावर बुरुजांचा मुकुट असतो. हायेझनं तो काढून टाकला, हे मला मोठं वाटतं. मुकुट असता तर आपण नमस्कार करून पुढे गेलो असतो. इथे ती थेट आपल्याकडे बघते, आणि जाब द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र खटकते. उघडी छाती म्हणजे पोसणारी मातृभूमी, असा अर्थ लावता येतो. पण मग सगळा प्रकाश तिथे आणि डोळे सावलीत, असं का? देशाचं दुःख सांगताना चित्रकार बाईच्या देहावरच रेंगाळला. या चित्रावर प्रेम करताना हेही बघायला हवं.