घाटाची उंची आणि वर्णनाची खोली

अलीकडे मराठींत हिमालयांतील मोटारप्रवासाचीं वर्णनें विपुल लिहिलीं जात आहेत. हा उत्साह अभिनंदनीय आहे. परंतु त्यांपैकीं बहुतेकांत रस्ता थोडा आणि लेखकच फार दिसतो, असें खेदानें म्हणावें लागतें.

लडाखमधील खारदुंग ला ही खिंडच घ्या. तेथील फलकावर १८,३८० फूट हा उंचीचा आकडा अनेक वर्षें झळकत होता. प्रत्यक्ष मोजणींत ती उंची सुमारें १७,५८० फूट भरली. आठशें फुटांनीं खिंडीचें वैभव उणें होत नाहीं. मात्र फलक उतरून घेणें म्हणजे पाहणें नव्हे, एवढें यावरून कळावें.

आकड्याच्या चुकीनें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. दुसरा दोष मात्र वाचकाच्या जिवावर बेतूं शकतो. हिमाचल प्रदेशांत ग्रांफूहून बातलमार्गें कुंझुम खिंडीकडे जाणारा, चंद्रा नदीच्या कांठचा रस्ता दगडधोंड्यांसाठीं अनेक वर्षें प्रसिद्ध आहे. खिंड सुमारें १५,००० फूट उंच. या वाटेच्या वर्णनांत काळजाचे ठोके चुकतात, मृत्यु पदोपदीं दिसतो. परंतु उन्हानें बर्फ वितळून दुपारनंतर ओढे फुगतात, म्हणून ते सकाळींच ओलांडावे, ही साधी गोष्ट क्वचितच आढळते. विरळ हवेंत इंजिनाचा जोर घटतो, तसा माणसाचाहि घटतो; डोकें दुखूं लागल्यास आणखी वर न चढतां थांबावें, त्रास वाढल्यास खालीं उतरावें, हेंहि तेथें नसतें. मुलांबाळांसह निघालेल्या कुटुंबानें अशा वर्णनाच्या भरंवशावर काय करावें?

विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला, तो आजहि गोडीनें वाचला जातो. भटजींना शौर्य मिरवावयाचें नव्हतें. जें डोळ्यांपुढें घडलें तें त्यांनीं सांगितलें.

भयानक रसाला आमचा विरोध नाहीं. पण तो विशेषणांनीं उत्पन्न होत नाहीं. दुपारीं ओढ्याचें पाणी गुडघ्यावर चढलेलें पाहून आम्ही गाडी मागें वळविली, असें एखाद्यानें सरळ लिहावें. वाचकाला भीतीहि कळेल आणि वाटहि. लेखकाची फजिती झाकून लिहिलेल्या शंभर पानांपेक्षां असें एक वाक्य आम्ही अधिक मोलाचें मानूं.