काहीच न करणारा माणूस

यंत्राच्या संगीताबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट. बटण दाबल्यावर वाजते ती दारावरची घंटा, गाणं नव्हे, अशी आपली माझी समजूत. त्यामुळे पुतण्याने मोबाइलवर ‘डेपेश मोड’ लावलं तेव्हा मी सोयीस्करपणे डोळे मिटले. स्वयंपाकघरातून आमच्या कुटुंबाने विचारलंच, “अहो, मिक्सर कुणी लावला?”

पण ऐकत गेलो. १९८० साली इंग्लंडातल्या बॅझिल्डनच्या चार पोरांनी हा ताफा जमवला. नाव उचललं एका फ्रेंच फॅशन मासिकावरून. तालाला माणूस नाही, रंगमंचावर टेपरेकॉर्डर! (तो बिदागी मागत नाही, चहाही पीत नाही.) १९८१ साली पहिली तबकडी निघाली आणि गाणी रचणारा व्हिन्स क्लार्क त्याच वर्षी सोडून गेला. आपल्याकडे एवढ्यावर मंडळ फुटून वर्गणीचा वाद सुरू झाला असता. इथे मार्टिन गोर रचू लागला. सुरुवातीची त्याची यमकं शाळकरी आहेत, हे खरं. पण १९८३ साली ह्यांनी लंडनच्या बांधकामांवर ठोकठोक करून ते आवाज यंत्रात भरले, गाण्यांत वाजवले. आणि १९८८ साली कॅलिफोर्नियाच्या रोझ बोल मैदानात ऐकायला साठ हजार माणसं!

यंत्राला काळीज नसतं म्हणतात. मग ह्यांचं १९८९ चं ‘पर्सनल जीझस’ जॉनी कॅशने २००२ साली साध्या गिटारीवर म्हटलं, ते उभं कसं राहिलं? यंत्र काढून घेतलं तरी चाल उरली, म्हणून.

माझा जीव मात्र जडला अँडी फ्लेचरवर. १९८९ च्या माहितीपटात तो सांगतो, एकजण गाणी लिहितो, एकजण उत्तम वाजवतो, एकजण गातो; आपण नुसते हिंडतो. असा माणूस प्रत्येक भजनी मंडळात असतो. टाळ हातात, लक्ष प्रसादाकडे. पण हिशेब आणि सतरंज्या त्याच्याच गळ्यात. फ्लेचरही सुरुवातीची कित्येक वर्षं ताफ्याचा व्यवहार बघायचा.

मे २०२२ मध्ये तो गेला. उरलेल्या दोघांनी २०२३ साली ‘मेमेन्टो मोरी’ काढलं. सूर सगळे जागच्या जागी, तरी कुणीतरी मधूनच उठून गेल्यासारखं वाटत राहिलं.

“काका, तो तर फारसा वाजवतच नव्हता,” पुतण्या म्हणाला.

“म्हणूनच रे,” मी म्हटलं आणि गाणं थांबवलं.

आतून आवाज आला, “अहो, बंद का केलंत?”