मुंजाचा पिंपळ

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, आणि पुढे खोपोलीकडून बोगद्यांचा जो नवा मार्ग आखला गेला तोही मावळात कुसगावापर्यंतच. ह्या वेगात झाडावरचे भूत भेटावयास अवकाश कोठला? पिंपळ, त्याचा पार, आणि दिवेलागणीस त्याखालून एकट्याने जाण्याचा प्रसंग, ह्या तिहींवाचून मुंजाची कथा उभी राहत नाही. ती आता मोटारीतून नव्हे, चित्रपटगृहातून आपणांस भेटते.

आदित्य सरपोतदार ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'मुंज्या' हा हिंदी बोलपट २०२४ साली निघाला व लोकांनी तो उचलून धरला. विनोद आणि भय ह्यांची सांगड त्यात चांगली साधली आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. मेलेल्या पोराला लग्नाचा ध्यास लागतो, ही कल्पनाही परंपरेस सोडून नाही. मुंज झाली, पण सोडमुंज व्हावयाच्या आत जो बटू मेला, तो मुंजा. कमरेची मेखला सुटलेली नाही, म्हणून गृहस्थाश्रमाचे दार उघडलेले नाही. आणि आईच्या पंक्तीस बसण्याचे बाळपणही मागे पडलेले. असा अधांतरी पोर पिंपळावर राहतो.

परंतु पडद्यावरील गोट्या मरण्यापूर्वीच सख्ख्या बहिणीचा बळी देऊ पाहतो. येथे आमचा आक्षेप आहे. लोककथेतील मुंजाने काहीएक अपराध केलेला नसतो. तो बायकांना छळतो अशा कथा आहेत, नाही असे नाही. तथापि एकंदरीत तो भिववणारा, जीव घेणारा नव्हे. त्याचे भय वाटते ते त्याच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर आपल्याच घरातला एक संस्कार अर्धा राहिला ह्या जाणिवेमुळे. पोरे पटापट दगावत त्या काळी ही जाणीव किती घरांत असेल! गोट्याला आधीच पापी ठरविल्याने प्रेक्षकाची ह्या जाणिवेतून फार स्वस्तात सुटका होते.

झाडाचेही तसेच. वेताळपंचविशीतील शिंशपा म्हणजे प्रेत टांगण्याची खुंटी. विक्रमाने ते खांद्यावर घेतले की झाडाचे काम संपले. मुंजाचा पिंपळ मात्र त्याचे घर आहे. म्हणून त्यावर कुऱ्हाड चालत नाही, बुंध्याभोवती पार बांधतात, सांजेला दिवा ठेवतात. दिवसा त्याच पारावर गावकीचा न्याय होतो आणि म्हातारे तंबाखू मळीत बसतात. पोरांनी रात्री तिकडे फिरकू नये, एवढाच काय तो निर्बंध. चित्रपटाने ह्यातली रात्र तेवढी घेतली आहे.

पिंपळाचीच यथासांग मुंज लावण्याची चाल आपल्याकडे आहे. वाजंत्री, भटजी, जेवणावळ, सारे काही. आणि बटूच्या जागी झाड. हा प्रसंग कोणा दिग्दर्शकाने जसाच्या तसा दाखविला, तर त्यास मांत्रिकही लागणार नाही आणि यंत्राने घडविलेले भूतही लागणार नाही.