ओळखू न आलेल्यांचा रकाना

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रॉचेस्टरला दक्षिणेचा वारा सुटला की माझ्या ओळखीतली काही माणसं कामावर सापडत नाहीत. ती ब्रॅडक बेच्या मचाणावर असतात. उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी लेक ऑन्टारिओपाशी येऊन अडतात. थंड पाण्यावरून गरम हवेचे झोत उठत नाहीत, आणि त्या झोतांवाचून एवढं रुंद सरोवर ओलांडायचं तर सतत पंख मारत राहावं लागतं. म्हणून बहुतेक पक्षी काठाकाठाने पूर्वेकडे वळतात. अशी वाट अरुंद झाली की त्यांना मोजता येतं. दिवस चांगला लागला तर एकट्या ब्रॉड-विंग्ड हॉकचेच हजारो पक्षी डोक्यावरून जातात.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत ‘हॉक्स इन फ्लाइट’ होतं. पीट डन, डेव्हिड सिब्ली आणि क्ले सटन यांचं हे पुस्तक १९८८ साली आलं. २०१२मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. चार वसंत ते वापरल्यावर आता त्याबद्दल लिहावंसं वाटतंय. ते जे शिकवतं ते फार चांगलं शिकवतं. जे त्यातून मिळत नाही, ते मला मचाणावर थोडी फजिती होऊन शिकावं लागलं.

आधी त्याची थोरवी. रॉजर टोरी पीटरसनचं पक्षीओळखीचं पुस्तक १९३४ साली आलं आणि लोक खुणांवरून पक्षी ओळखायला शिकले: शेपटीवर पट्टा आहे का, डोळ्यावर रेघ आहे का. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी ही रीत उत्तम आहे. पण किलोमीटरभर लांब, उजेडाकडे पाठ करून जाणाऱ्या पक्ष्याचे रंग दिसतच नाहीत. ‘हॉक्स इन फ्लाइट’ सांगतं की रंगात अडकू नका. बांधा बघा, चाल बघा. आपल्याला हे नवीन नाही. गल्लीच्या टोकाला वळणाऱ्या काकांचा चेहरा कुठे दिसतो? तरी एक खांदा झुकवून चालण्याच्या लकबीवरून आपण घरात चहाचं आधण ठेवायला सांगतोच. सिब्लीची मूळ चित्रं काळी-पांढरी आहेत आणि मला ती उणीव वाटत नाही. आभाळापुढे पक्षी तसाच दिसतो.

आपल्या शिक्र्याच्या जातकुळीतले दोन पक्षी घ्या, शार्प-शिन्ड आणि कूपर्स. पहिला लहान, दुसरा मोठा. पण पहिल्याची मादी आणि दुसऱ्याचा नर आकाराने फार लांब नसतात आणि आभाळात मोजपट्टी लावायला शेजारी काही नसतं. पुस्तक म्हणतं, डोकं बघा. कूपर्सचं डोकं पंखांच्या पुढे स्पष्ट निघालेलं असतं. शार्प-शिन्डचं डोकं पुढे आलेल्या मनगटांमध्ये बुडतं, थंडीत खांदे वर करून चालणाऱ्या माणसासारखं. ही उपमा माझी आहे, आणि पुस्तकाबद्दलचा माझा पहिला आक्षेप तिच्यातूनच निघतो. या पुस्तकाची सगळी भिस्त उपमांवर आहे, आणि उपमा दोघांच्या ओळखीची असेल तरच उपयोगी पडते. लेखकांचं जग त्यांच्या इंग्रजी वाचकांचं जग आहे. त्यातल्या काही उपमा माझ्यापाशी नुसत्या शब्द म्हणून पोचल्या. टर्की व्हल्चर मला कळलं ते त्याचे पंख उथळ द्रोणासारखे वर उचललेले आणि अंग ढिल्या दोरीच्या पतंगासारखं डुलताना दिसलं तेव्हा. हा पुस्तकाचा दोष म्हणवत नाही. पण ते वाचून आपल्या वहीत आपल्या उपमा लिहून काढल्याशिवाय ते आपलं होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पुस्तकात प्रत्येक पक्ष्याला त्याची जागा आहे.  लेखकांना मैदानातली अनिश्चितता ठाऊक नसेल असं नाही. डन स्वतः केप मे इथे मोजणीला बसलेला माणूस आहे. पण पुस्तकाची घडणच अशी की वाचणाऱ्याला वाटतं, नीट पाहिलं तर नाव मिळणारच. नाव मिळालं नाही तर उणीव आपल्यात.

दुसऱ्या वसंतात मी मचाणावर मोठ्याने ‘गोल्डन ईगल’ म्हणाले. चार माणसं वळली. सगळ्यांत परकी मीच, त्यामुळे मला ते फार आवडलं. मोजणी करणाऱ्याने दुर्बिणीतून पाहिलं, तोवर पक्षी झाडांआड चालला होता. त्याने शांतपणे विचारलं, “काय काय दिसलं?” मी म्हटलं, मोठा, गडद, पंखांवर पांढरं. “डोकं केवढं होतं? पंख सपाट होते की उचललेले?” ते मी पाहिलंच नव्हतं. पंखांवर पांढरं तर कोवळ्या बाल्ड ईगललाही असतं. त्याने तक्त्यावर ‘न ओळखलेला गरुड’ या रकान्यात एक आकडा टाकला आणि पुढे बघायला लागला. मला राग आला. माझा गरुड त्याने काढून घेतला असं वाटलं.

त्या रकान्याची किंमत मला नंतर रेचल कार्सनच्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये कळली. पेन्सिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर मॉरिस ब्राउनने १९३४ साली मोजणी सुरू केली. तेव्हा शेतांवर डीडीटी आलेलं नव्हतं, त्यामुळे हे आकडे पुढे कशासाठी लागतील हे त्यालाही माहीत असणं शक्य नव्हतं. कार्सनने १९६२ साली ते पुढे ठेवले. १९३५ ते १९३९मध्ये तिथून गेलेल्या बाल्ड ईगलपैकी ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते १९५९मध्ये २० टक्के. म्हणजे म्हातारे दिसत होते, पिल्लं होत नव्हती. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ साली. आता समजा, माझ्यासारख्या कुणीतरी दर मोसमात चार संशयास्पद गरुड आपल्या आवडीच्या रकान्यात टाकले असते, तर त्या ४० आणि २०वर विश्वास कुणी ठेवायचा?

माझं रोजचं कामही मोजणीचंच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या आणि दोन गटांत वाटायच्या. काही पेशी कुठल्याच गटात नीट बसत नाहीत. करार वर्षावर्षाने वाढतो, निष्कर्ष स्वच्छ हवा असतो, आणि मी अशा पेशी इकडे किंवा तिकडे ढकलत आले होते. अधिक करून इकडेच. त्या मे महिन्यात मी तिसरा रकाना आखून सगळं पुन्हा मोजलं. तीन आठवडे गेले. फरक उरला, पण आधीपेक्षा लहान. शोधनिबंध लांबला, आणि ज्या नियतकालिकावर नजर होती तिथे तो गेला नाही.

म्हणून ‘हॉक्स इन फ्लाइट’ घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन जरूर घ्या, आणि वाचून झालं की मचाणावरचा तासातासाचा तक्ताही एकदा वाचा. त्यात वाऱ्याची दिशा असते, ढग असतात, रिकामे गेलेले तास असतात आणि न ओळखलेल्यांचे रकाने असतात. तो वाचायला रुक्ष आहे. पण पुस्तकात जे पान नाही, ते तिथे आहे.

यंदा माझ्या वहीत चार दिवसांचे सात ‘न ओळखलेले’ आहेत. त्यातला एक गोल्डन ईगल होता असं मला अजून वाटतं. तो त्याच रकान्यात राहील.