‘थिंग्ज फॉल अपार्ट’मधील जुळी मुले : समीक्षेच्या नजरेतून सुटलेले मरण

प्रस्तावना

नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीतील जुळ्यांच्या प्रसंगांचा विचार बहुधा ‘परंपरा विरुद्ध मिशनरी’ या द्वंद्वाच्या चौकटीत केला जातो. प्रस्तुत लेखात हे प्रसंग बहुगर्भधारणेच्या वास्तवाच्या प्रकाशात वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

कादंबरीतील चित्रण

इग्बो समाजात जुळी अशुभ मानली जात. जन्मताच त्यांना मातीच्या भांड्यात घालून रानात टाकले जाई. ते रडणे ऐकून न्वोयेच्या मनात काहीतरी तुटते. ओबिएरिकाला स्वतः टाकून दिलेल्या जुळ्यांचा अपराध कोणता, हे उमगत नाही. सर्वांत करुण व्यक्तिरेखा न्नेकाची आहे. चारही वेळा जुळी झालेली ही स्त्री पाचव्या गरोदरपणात चर्चच्या आश्रयाला जाते. सासरच्यांना सुटल्यासारखेच वाटते. तिच्या त्या बाळंतपणाचे पुढे काय झाले, हे मात्र कादंबरी सांगत नाही.

हे मौन महत्त्वाचे आहे. रूढी मुलांना जगूच देत नसल्याने त्यांची शारीरिक दुर्बलता कथानकात दिसतच नाही. परिणामी, रूढी गेली की जुळी वाचली, असा समज वाचक सहज करून घेतो. एक्वेफीची दहापैकी नऊ मुले दगावतात. ती जुळी नव्हती आणि त्यांना रानातही कोणी टाकले नव्हते. हा तपशील त्या समजाला छेद देणारा आहे. तथापि त्याची सांगड जुळ्यांच्या प्रश्नाशी क्वचितच घातली जाते.

वास्तवाची साक्ष

त्याच देशातील योरुबा समाज जुळ्यांना पूज्य मानतो. जुळ्यांपैकी एक दगावल्यास ‘इबेजी’ नावाची काष्ठमूर्ती घडवून तिला न्हाऊ-माखू घालण्याची तेथील प्रथा होती. या मूर्तींची विपुलता हेच सांगते की, आदर असूनही जुळी मरत होती.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील ३० आफ्रिकी देशांच्या सर्वेक्षणांवर आधारलेला मोंडेन व स्मिट्स यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९५-२००१ ते २००९-१४ या काळात पाच वर्षांखालील जुळ्यांचे मृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ३२८ वरून २१३ वर आले. एकट्या जन्मलेल्या मुलांमध्ये हेच प्रमाण १२९ वरून ६४ वर आले. दोन्ही आकडे घटले, परंतु जुळ्यांचा धोका अडीच पटींवरून तिपटीहून अधिक झाला. प्रगतीचा लाभ त्यांच्यापर्यंत कमी पोहोचला, असाच याचा अर्थ होतो.

कारणे परिचित आहेत : मुदतपूर्व प्रसूती, कमी वजन, दुसऱ्या बाळाची आडवी वा पायाळू स्थिती, मातेचा रक्तस्राव. जुळी असल्याचे प्रसूतीच्या क्षणापर्यंत ठाऊकच नसणे आणि शस्त्रक्रियेची सोय दूर असणे यांमुळे हे धोके प्राणघातक ठरतात.

निष्कर्ष

अचेबे यांनी रूढीचे क्रौर्य निःसंकोचपणे मांडले. तो कादंबरीचा दोष नव्हे. त्रुटी वाचनात आहे. जुळ्यांच्या मरणाला केवळ अंधश्रद्धेच्या खात्यावर टाकले की साधनांच्या अभावाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. न्नेका चर्चच्या दारात पोहोचली, एवढ्यावर समीक्षेने समाधान मानू नये. तेथे तिच्यासाठी कुशल सुईण होती काय, हा प्रश्नही वर्गात विचारला गेला पाहिजे.