विरोधी बाकावरील डॉ. आंबेडकर : राज्यसभेतील एका भाषणाचे मूल्यमापन

१९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून पराभूत झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. त्यांच्या संसदीय कार्याची चर्चा प्रामुख्याने संविधान सभा व हिंदू कोड बिल यांभोवती होते. विरोधी सदस्य म्हणून केलेली भाषणे तुलनेने दुर्लक्षित राहिली.

अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावरील सप्टेंबर १९५४ मधील भाषण या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. विधेयकाच्या नावातच अस्पृश्यांच्या नागरी हक्कांचे संरक्षण यावे, असा त्यांचा आग्रह होता. सौम्य शिक्षेच्या समर्थनावरही त्यांनी टीका केली. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. ‘गुन्हा’ या शब्दाने लक्ष अपराध्याकडे जाते, तर ‘हक्क’ या शब्दाने पीडिताकडे व शासनाच्या दायित्वाकडे.

१९५५ चा कायदा सरकारी नावानेच संमत झाला. १९७६ च्या दुरुस्तीने मात्र त्यास ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले, किमान एक महिन्याचा कारावास आला आणि तडजोडीची मुभा संपुष्टात आली. तरीही १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. यावरून केवळ नामांतर अपुरे होते, हेही स्पष्ट होते. सारांश, विरोधी सदस्याचे योगदान सभागृहातील मतसंख्येवरून मोजणे योग्य ठरत नाही.